वह्या भरल्यात, पण मुलं बोलत नाहीत

या वेळचं पत्र एका शिक्षिकेचं आहे, थोडं कापून देतेय.

“ताई नमस्कार, माझं शिकवायचं हे दुसरंच वर्ष. सहावीला भाषा घेते, वर्गात ४२ मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची, मुलं उतरवून घेतात, आठवडा संपला. आता सांगितलंय की पाठ नियोजनात लेखन आणि बोलणं दोन्ही दिसलं पाहिजे. म्हणून शुक्रवारी भाषणाचा तास ठेवला तर तीच चार-पाच मुलं उभी राहतात, बाकीची खाली बघतात. महिन्याला एक निबंध देते तर सगळे एकाच साच्यातले. तपासून तपासून जीव जातो. जोडीत बोलायला लावलं तर गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते. हे सगळं प्लॅनमध्ये बसवायचं कसं? पोर्शनही पूर्ण करायचाय.”

पहिलं काम सांगते, तो शुक्रवारचा भाषणाचा तास बंद करून टाका. खरंच. हिशोब करून बघा ना, ४२ मुलांना प्रत्येकी दोन मिनिटं दिली तर उठणं-बसणं, लाजणं, टाळ्या हे सगळं सोडून ८४ मिनिटं होतात, म्हणजे एका मुलाची पाळी तीन आठवड्यांतून एकदा, ती पण दोन मिनिटांची, आणि उरलेला वेळ तो बिचारा ऐकल्यासारखं करत बसणार. तेच शेजारच्याशी बोलायला लावलं तर चार मिनिटांत सगळी ४२ मुलं दोन-दोन मिनिटं बोलून मोकळी. आणि हे रोज करता येतं. शिवाय सगळ्या वर्गासमोर उभं राहून बोलणं हा बोलण्यातला सगळ्यात अवघड प्रकार आहे, आपण सुरुवातच तिथून करतो आणि मग म्हणतो मुलं बोलतच नाहीत. बोलतात हो, मधल्या सुट्टीत जाऊन ऐका जरा.

गोंगाटाचं आत्ताच उरकते. गोंगाट होतो कारण “चर्चा करा” एवढंच सांगितलेलं असतं, कोणी आधी बोलायचं, किती वेळ, दुसऱ्याने तेव्हा काय करायचं हे काहीच ठरलेलं नसतं. बाकाच्या डाव्या बाजूचा आधी, उजव्या बाजूचा नंतर, घड्याळ लावून, आणि ऐकणाऱ्याला काहीतरी काम द्या, नुसतं ऐक असं नाही, तर ऐकून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा. थांबवायची खूण ठरवा, हात वर केला की ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून स्वतःचा हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात ही खूणच शिकवा, बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल. आणि शेजारच्या मॅडमना आधीच सांगून ठेवा की साधारण या वेळेला चार-पाच मिनिटं आवाज येईल. आपण आपणहून सांगितलं की तक्रारी बऱ्याच कमी होतात असं माझं निरीक्षण आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही प्लॅनमध्ये दोन वेगळे खण करताय, एक लेखनाचा आणि एक बोलण्याचा, आणि दोन्हीला वेळ पुरत नाही. पुरणारच नाही. एकच काम घ्या आणि ते आधी बोलून, मग लिहून, मग दुसऱ्याला वाचायला देऊन, मग परत लिहून असं आठवडाभर चालू द्या. ऑस्ट्रेलियातल्या भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॉलीन गिबन्स यांनी विज्ञानाच्या वर्गात हे फार छान दाखवलंय. मुलं गटात लोहचुंबकाशी खेळतायत, तेव्हा हातात वस्तू आहे, समोरच्याला दिसतंय, म्हणून “हे बघ चिकटलं, हे नाही चिकटत” एवढं बोललं तरी भागतं. नंतर सामान बाजूला ठेवून तोच अनुभव बाकीच्या वर्गाला सांगायचा, आता कोणती वस्तू, कशाला चिकटली, कशाला नाही हे सगळं शब्दांत आणावं लागतं, आणि इथे शिक्षक प्रश्न विचारून विचारून मुलाकडून पूर्ण वाक्य काढून घेतो. तिसरी पायरी म्हणजे वहीत लिहिणं. आपण काय करतो तर पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो, “चर्चा झाली ना, आता लिहा”, आणि मग वहीत दोन ओळी येतात. ज्याने पाहिलं नाही त्याला तोंडाने नीट सांगणं ही मधली पायरीच खरी लेखनाची तयारी आहे. प्लॅनमध्ये जागा करायची असेल तर आधी हिच्यासाठी करा.

पूर्ण आठवडा कसा जाईल ते एका उदाहरणावर सांगते म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान नको. समजा नियम किंवा सूचना लिहिणं शिकवायचंय. फुली-गोळा सगळ्यांना येतो, आणि तीच अडचण आहे, कारण सगळ्यांना येणाऱ्या खेळाचे नियम कसेही लिहिले तरी वाचणारा मनाने गाळलेल्या जागा भरून घेतो. म्हणून प्रत्येक जोडीने त्यात आपला एक बदल करायचा. तीन जुळले की जिंकण्याऐवजी हरायचं, किंवा तीनच्या जागी चार घरं उभी-आडवी, किंवा कोणीही फुली काढावी किंवा गोळा, ज्याची तिसरी खूण ओळीत बसेल तो जिंकला. मुलं याच्यापेक्षा भन्नाट काहीतरी काढतात.

सोमवारी जोडीने बदल ठरवायचा, दोन-तीन डाव खेळून बघायचा, आणि मग दुसऱ्या जोडीला समजावायचा, पण हात पाठीमागे बांधून आणि कागद न दाखवता. बस, एवढ्या एका अटीने तास बदलतो. “इथून असं, मग इकडे” हे चालतच नाही, लगेच “वरच्या ओळीतलं मधलं घर” असं बोलावं लागतं. ऐकणाऱ्या जोडीने फक्त प्रश्न विचारायचे आणि विचारलेले प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून त्या जोडीला द्यायचे. बरोबरी झाली तर काय? आधी कोण खेळणार? एकदा काढलेली खूण खोडता येते का? ही चिठ्ठी जपून ठेवायला सांगा, ते काय लिहायचं राहणार आहे त्याची यादीच असते, आणि ती तुम्ही नाही तर वर्गमित्राने दिलेली असते.

मंगळवारी परत बोलणंच, पण तेच तीन वेगवेगळ्या मुलांना तीनदा, दर वेळी कमी वेळात. ही ४-३-२ ची युक्ती, कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडली, दुसरी भाषा शिकणाऱ्यांसाठी, आधी चार मिनिटं मग तीन मग दोन. सहावीला चार मिनिटं फार होतात, दोन, दीड आणि एक पुरे. तिसऱ्यांदा सांगताना “म्हणजे ना, ते काय आहे” आपोआप गळून पडतं, क्रम लागतो, वाक्यं तयार होतात, आणि ती तोंडात असतानाच वही उघडायची. दहा मिनिटं न थांबता लिहायचं. शब्द अडला तर रेघ मारून पुढे जा, शुद्धलेखन विचारायला हात वर करायचा नाही. या दहा मिनिटांत तुम्हीही फिरू नका, टेबलाशी बसा आणि तुम्हीपण लिहा. बाई लिहितायत हे बघणं मुलांसाठी मोठी गोष्ट असते, आपण फळ्यावर लिहितो ते वेगळं, ते तयार उत्तर असतं.

बुधवार हा या सगळ्यातला माझा लाडका दिवस. वह्या बदलायच्या, ज्यांनी तो खेळ ऐकलेलाच नाही अशा जोडीकडे द्यायच्या, आणि त्यांनी फक्त वाचून खेळायचं. लिहिणारे शेजारी बसणार पण तोंड उघडायचं नाही. खाणाखुणाही नाहीत. इतकी तळमळ तुम्ही वर्गात पाहिली नसेल, “अरे तसं नाही रे” असं ओठांवर येतं आणि गिळावं लागतं. जिथे खेळ अडला तिथे वाचणाऱ्याने समासात पेन्सिलने फुली करायची. एका वहीत असेल “तिसरा आला की हरला”, आणि वाचणारे दोघं भांडतायत की तिसरा म्हणजे कोण, तिसरा खेळाडू की तिसरी फुली. दुसऱ्या वहीत “आधी मी मग तू”, आता हा मी कोण, लिहिणारा की वाचणारा? इथे तुम्हाला “स्पष्ट लिहा” असं सांगावंच लागत नाही. लाल पेनने तेच वाक्य तुम्ही दहा वेळा लिहिलं असतंत तरी कोणी ढुंकून बघितलं नसतं.

गुरुवारी मग तुमचा शिकवायचा तास, आणि व्याकरण इथे घ्या. आदल्या दिवशी फिरताना तुम्ही अडलेली चार वाक्यं टिपून ठेवलेली असतील, नाव न सांगता ती फळ्यावर घ्या आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या. आज्ञार्थ येतो, जर-तर येतं, आधी-नंतर-तोपर्यंत येतं, सर्वनाम नेमकं कोणासाठी आलंय हे येतं. सगळं घेऊ नका, एक किंवा फार तर दोन गोष्टी. मग त्यांनी आपला मसुदा सुधारायचा. सुधारायचा म्हणजे छान अक्षरात उतरवायचा नाही, फुली होती तिथलं वाक्य बदलायचं, चिठ्ठीतल्या प्रश्नांची उत्तरं आत घालायची. शुक्रवारी चार-चारच्या गटात वाचून दाखवायचं आणि पक्की प्रत करायची, तुम्ही फक्त दोन गटांजवळ बसा.

हाच सांगाडा दुसऱ्या कशालाही लागतो. गोष्ट असेल तर आधी तीन जणांना सांगायची. मत मांडायचं असेल तर आधी जोडीत एकाने बाजू घ्यायची, दुसऱ्याने “का?” एवढंच विचारत राहायचं, मग बाजू बदलायच्या, आणि लिहिताना दुसऱ्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा लिहून त्याला उत्तर द्यायचं. पत्र असेल तर ते खरंच कोणाला तरी द्या, खालच्या वर्गाला, मुख्याध्यापकांना, ग्रंथालयात. तुमचे निबंध एकसारखे येतात त्याचं कारणही हेच आहे बघा, “माझा आवडता ऋतू” कोणासाठी लिहायचा? वाचणारं कोणी नाही, तपासणारं आहे. मग मूल तपासणाऱ्याला चालेल असं तयार काहीतरी शोधतं आणि ते सगळ्यांना एकाच ठिकाणी सापडतं. आणि एक, निबंध घरी देऊ नका. घरी तो आई-बाबा लिहितात नाहीतर फोन लिहितो. वर्गात दहा मिनिटांत लिहिलेलं मोडकंतोडकं असलं तरी त्याचं स्वतःचं असतं.

तुमच्या बोलण्याबद्दल पण थोडं बोलू का, राग मानू नका, सगळ्याच शिक्षकांचं होतं हे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गातल्या संभाषणांच्या टेप तपासल्या तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. ही १९७० च्या आसपासची गोष्ट, पण आजही कुठल्याही वर्गात जाऊन बघा. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब येतात, “माहीत नाही” कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद खूप लांब वाटतात हं, मनातल्या मनात मोजा. आणि उत्तर आल्यावरही थांबा, लगेच “व्हेरी गुड, पुढे” नको. त्याऐवजी “ती काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग” किंवा “हे पटतंय का कोणाला?” असं विचारा, म्हणजे मुलांना एकमेकांचं ऐकावं लागतं. सुरुवातीला भिंतीवर दोन-तीन वाक्यांची सुरुवात लावून ठेवा, “मला तसं वाटत नाही कारण”, “त्याच्या म्हणण्यात मी भर घालतो”, “म्हणजे तुला असं म्हणायचंय का”. कृत्रिम वाटतं पहिले काही दिवस, मग मुलं मधल्या सुट्टीतही एकमेकांची नक्कल करत तेच बोलतात, आणि तिथून ते त्यांचं होतं.

बोलताना मध्येच चूक सुधारू नका. घरची बोली, उच्चार, एखादा दुसऱ्या भाषेतला शब्द, जाऊ दे ना. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तुमच्या उत्तरात तोच शब्द नीट वापरा, त्याला कळतं.

वह्या. ४२ वह्या, एकीला पाच मिनिटं म्हटलं तरी २१० मिनिटं, म्हणजे साडेतीन तास, ते पण एका निबंधाचे. आणि एवढं करून मूल काय बघतं? गुण. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, साधारण तुमच्याच वर्गाच्या वयाच्या मुलांवर. काहींना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा नुसता शेरा मिळालेल्यांची झाली, आणि दोन्ही मिळालेल्यांची नुसते गुण मिळालेल्यांसारखीच अवस्था, म्हणजे शेरा लिहायची मेहनत पाण्यात. म्हणून मधल्या मसुद्यावर गुण देऊच नका. रोज आठ-नऊ वह्या घ्या, आठवड्यात वर्ग पूर्ण होतो. प्रत्येकीत एक गोष्ट जी जमलीय ती नेमकी सांगा, “छान” नको, “बरोबरी झाली तर काय हे तू लिहिलंस म्हणून मला खेळता आलं” असं, आणि एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्याने मसुद्यातच द्यायचं. शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकांवर गोल करत बसू नका, त्या आठवड्याला जी गोष्ट शिकवली तेवढीच बघा. पालक विचारतील की बाईंनी चुका दाखवल्या नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका की मसुद्यात एका वेळी एकच गोष्ट तपासली जाते, पक्क्या प्रतीत सगळं.

बोलण्याचं मूल्यमापन लोकांना उगाच अवघड वाटतं. वर्गाची यादी घ्या, तीन रकाने, समोरच्याला कळेल असं सांगितलं का, कारण दिलं का, दुसऱ्याच्या बोलण्याला धरून बोलला का. रोज जोडीकाम चालू असताना चार-पाच मुलांजवळ उभं राहा आणि खूण करा. दोन आठवड्यांत सगळा वर्ग होतो. ज्याच्यापुढे तिन्ही रकाने रिकामे, त्याच्याशेजारी पुढच्या आठवड्यात कोण बसेल याचा विचार करा, हुशार मूल नको, ऐकणारं मूल बसवा.

अजिबात न बोलणारी मुलं असतात त्यांचा क्रम उलटा करा. आधी दोन मिनिटं चार शब्द लिहू द्या, मग जोडीत बोला, मग वर्गात. फ्रँक लायमन यांची विचार करा-जोडीत बोला-सगळ्यांना सांगा ही १९८१ ची पद्धत तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकली असेलच, त्यातली पहिली पायरी आपण घाईत खाऊन टाकतो आणि तीच या मुलांना हवी असते. उलट जे धबाधबा बोलतात पण वहीत काही उतरत नाही त्यांना आधी बोलू द्या आणि जोडीदाराने त्यांचे पाच शब्द टिपून द्यायचे, तिथून ते लिहायला घेतील. म्हणजे बोलणं आधी की लिहिणं आधी याला एकच उत्तर नाही, मुलावर आहे. कोणी अडखळत बोलत असेल तर मात्र त्याला ४-३-२ च्या घड्याळातून वगळा, तीनदा सांगू द्या पण वेळेचं बंधन नको, आणि त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, वर्गालाही हे सांगून ठेवा.

पोर्शनचं म्हणाल तर धड्याखालचे सगळे प्रश्न लिहून घ्यायची सवय थोडी सोडावी लागेल. एका वाक्यात उत्तरं द्या, रिकाम्या जागा, हे जोडीत तोंडी पाच मिनिटांत होतं. लिहायला तो प्रश्न ठेवा ज्याची दोन मुलं दोन वेगळी उत्तरं देऊ शकतील. फळ्यावरून उतरवून घ्यायचा वेळ वाचला की आठवड्याला जवळजवळ एक तास मोकळा होतो, तुमचा स्वतःचा वेळ मोजून बघा. परीक्षेची भीती असेल तर असं बघा की वाचून, बोलून, लिहून झालेल्या धड्यावरचं उत्तर मुलं पाठ न करता लिहितात.

प्लॅनच्या वहीत हे कसं लिहायचं? “लेखन कौशल्य विकसित होईल” असलं काही लिहू नका, ते कोणालाच तपासता येत नाही. आठवड्याच्या शेवटी मुलाच्या हातात काय असेल तिथून उलटं मागे या. “मुलं खेळाचे नियम खाणाखुणा न करता तोंडी सांगतील, आणि असे लिहितील की दुसरी जोडी फक्त वाचून खेळू शकेल.” यात बोलणंही आलं, लेखनही आलं, आणि झालं की नाही हे बुधवारी डोळ्यांना दिसतं. खाली पाच दिवसांचं एक-एक ओळीत, कोण कोणाशी बोलणार आणि काय लिहिणार एवढंच.

आणि पाच तास कधीच पुरे मिळत नाहीत, सुट्टी येते, कार्यक्रम येतो, कोणीतरी आपला तास मागतं. एक तास गेला तर शुक्रवारची पक्की प्रत सोडून द्या. दोन गेले तर मंगळवारचं बोलणं आणि लिहिणं सोमवारच्या तासात कोंबा, खेळायचे डाव एकावर आणा. बुधवार मात्र कोणालाही देऊ नका.